अनेक अ‍ॅक्सेस सर्व्हर, एक नाव: डायल-अप जोडणीसाठी स्टॅक गट आणि परस्पर प्रमाणीकरण

टेलिफोन कंपनीकडून आलेला एकच क्रमांक फिरवून शेकडो जण जोडले जाणार असतील, तर त्या क्रमांकामागे एकच अ‍ॅक्सेस सर्व्हर पुरत नाही. एका ई-वन पीआरआय लाइनवर, म्हणजे एकदम अनेक कॉल आणणाऱ्या डिजिटल टेलिफोन लाइनवर, माहितीसाठी ३० वाहिन्या मिळतात, टी-वनवर २३, आणि प्रत्येक वाहिनीची क्षमता ६४ किलोबिट प्रतिसेकंद असते. लाइन वाढल्या की पेट्या, म्हणजे हे सर्व्हर, वाढतात. टेलिफोन कंपनी आपला क्रमांक हंट गटात टाकते आणि येणारा कॉल ज्या पेटीवर वाहिनी मोकळी असेल तिच्याकडे पाठवते. फोन करणाऱ्याने एकच वाहिनी वापरली तर यात काहीही अडत नाही. त्याने दोन वाहिन्या एकत्र बांधायचे ठरवले की मात्र अडचण सुरू होते, कारण पहिला कॉल पहिल्या पेटीवर आणि दुसरा कॉल तिसऱ्या पेटीवर उतरू शकतो, आणि एकाच जोडणीच्या या दोन लिंक एकमेकींना ओळखत नाहीत.

एकाहून अधिक लिंकचे एक बंडल बांधण्याची पद्धत, म्हणजे मल्टिलिंक पीपीपी (पीपीपी हा दोन टोकांमधील जोडणीचा प्रोटोकॉल), १९९६ च्या आरएफसी १९९० या इंटरनेट मानकाच्या दस्तऐवजात मांडलेली आहे. हे बंडल एकाहून अधिक पेट्यांवर पसरू देणारी मल्टिचॅसिस मल्टिलिंक पीपीपी ही सिस्कोच्या आयओएस या राउटर-प्रणालीमधील सोय आहे, आणि पेट्यांनी आपापसांत बोलण्यासाठी तीत स्टॅक ग्रुप बिडिंग प्रोटोकॉल, म्हणजेच एसजीबीपी, वापरला जातो. हे मार्गदर्शन त्याच व्यवस्थेसाठी आहे. आज्ञा येथे देवनागरीत लिहिल्या आहेत. उपकरणावर त्या अर्थातच रोमन लिपीत टाइप कराव्या लागतात.

प्रमाणीकरणापासून सुरुवात का करावी

पुष्कळ जण आधी स्टॅक, म्हणजे पेट्यांचा गट, उभा करतात आणि प्रमाणीकरण नंतर चढवतात. माझा आग्रह नेमका उलटा आहे. दुसरी लिंक कोणत्या बंडलात घालायची हे पेटी दोन गोष्टींवरून ठरवते: समोरच्याने प्रमाणीकरणात सिद्ध केलेले नाव, आणि एलसीपी वाटाघाटीत, म्हणजे जोडणीच्या सुरुवातीच्या बोलणीत, त्याने पाठवलेला एंडपॉइंट डिस्क्रिमिनेटर, म्हणजे त्या यंत्राची खूण. दोन्ही जुळले तर लिंक जुन्या बंडलात जाते. जुळले नाहीत तर नवे बंडल तयार होते. म्हणजे इथे प्रमाणीकरणाचे काम पहारेकऱ्यापुरते मर्यादित नाही, बंडलाचा पत्ताच त्यावर ठरतो. नावांचा घोळ असलेल्या स्टॅकमध्ये कॉल लागतात, दिवे लागतात, आणि तरीही वेग एका वाहिनीचाच मिळत राहतो.

प्रमाणीकरण परस्पर असेल तर हाच नियम फोन करणाऱ्या बाजूलाही लागू होतो, आणि नेमके हेच विसरले जाते. शाखेचा राउटर दोन कॉल करतो. पहिल्या कॉलवर त्याला ‘एनएएस-१’ नावाच्या यंत्राकडून चॅलेंज, म्हणजे ओळख पटवण्याचे आव्हान, येते, दुसऱ्यावर ‘एनएएस-३’ नावाच्या. शाखेच्या दृष्टीने ही दोन वेगळी यंत्रे झाली. ‘एनएएस-३’ची नोंद तिच्याकडे नसेल तर दुसरी लिंक तुटते, आणि असेल तर वेगळे बंडल तयार होते. स्टॅकमधील प्रत्येक पेटीने बाहेरच्या जगाला एकच नाव सांगणे, ही या साऱ्या मांडणीची किल्ली आहे. आयओएसमध्ये त्यासाठी ‘पीपीपी चॅप होस्टनेम’ ही आज्ञा आहे (चॅप म्हणजे पासवर्ड तारेवरून न पाठवता चॅलेंज आणि उत्तर यांतून ओळख पटवण्याची पद्धत), आणि अनेक डायल-अप राउटर एकच यंत्र असल्यासारखे दिसावेत हाच तिचा हेतू आहे.

आधी कागदावर

उपकरणाला हात लावण्यापूर्वी एक तक्ता तयार करावा. त्यात प्रत्येक पेटीचे होस्टनेम, स्थानिक नेटवर्कवरचा तिचा पत्ता, स्टॅक गटाचे नाव, गटाचा पासवर्ड, प्रत्येक शाखेचे नाव आणि शाखेगणिक वेगळा पासवर्ड, एवढे असावे. पुढील उदाहरणात गटाचे नाव ‘डायलपूल’ आहे, तीन पेट्या ‘एनएएस-१’, ‘एनएएस-२’ आणि ‘एनएएस-३’ आहेत, त्यांचे पत्ते १०.१.१.१ ते १०.१.१.३ आहेत आणि फोन करणारी शाखा ‘शाखा७’ आहे.

येथे दोन गुपिते आहेत आणि ती कधीही एक करू नयेत. एक गुपित पेट्यांचे आपापसांतील आहे. ते फक्त तीन पेट्यांना माहीत असते. दुसरे गुपित शाखा आणि स्टॅक यांच्यातील आहे. गटाचा पासवर्ड शाखेच्या राउटरवर कुठेही दिसता कामा नये, कारण शाखेची पेटी चोरीला गेली तर चोराला एका शाखेपुरते दार उघडे मिळते. गटाचा पासवर्ड मिळाला तर तो स्वतःला स्टॅकचा सदस्य म्हणवू शकतो. चॅपच्या आरएफसी १९९४ मध्ये गुपिताची लांबी शक्यतो वापरलेल्या हॅशइतकी (हॅश म्हणजे गुपितावरून मोजलेला ठसा), म्हणजे एमडी-५ या हॅशसाठी १६ ऑक्टेट किंवा बाइट, असावी असे सुचवले आहे. ही सूचना पाळायला काहीही खर्च येत नाही.

आणखी एक सावधगिरी. ‘युजरनेम … सीक्रेट …’ असे लिहिले तर पासवर्डचा एकमार्गी हॅश साठवला जातो आणि चॅप चालत नाही, कारण चॅपचे उत्तर मोजायला मूळ पासवर्ड लागतो. म्हणून येथे ‘युजरनेम … पासवर्ड …’ हेच रूप वापरावे लागते. ‘सर्व्हिस पासवर्ड-एन्क्रिप्शन’मुळे तो कॉन्फिगरेशनमध्ये झाकलेला दिसतो, पण ते झाकण सहज उलगडता येते. कॉन्फिगरेशनच्या प्रती कुठे ठेवल्या जातात आणि कोण पाहू शकतो याची खरी काळजी घ्यावी.

पेट्यांचा गट बांधणे

‘एनएएस-१’वरचे कॉन्फिगरेशन असे होईल:

होस्टनेम एनएएस-१
युजरनेम डायलपूल पासवर्ड [गटाचा पासवर्ड]
युजरनेम शाखा७ पासवर्ड [शाखेचा पासवर्ड]
एसजीबीपी ग्रुप डायलपूल
एसजीबीपी मेंबर एनएएस-२ १०.१.१.२
एसजीबीपी मेंबर एनएएस-३ १०.१.१.३
मल्टिलिंक व्हर्च्युअल-टेम्प्लेट १
इंटरफेस व्हर्च्युअल-टेम्प्लेट १
  आयपी अननंबर्ड लूपबॅक ०
  पीपीपी ऑथेंटिकेशन चॅप
  पीपीपी चॅप होस्टनेम डायलपूल
  पीपीपी मल्टिलिंक

दुसऱ्या आणि तिसऱ्या पेटीवर हेच लिहायचे, फक्त होस्टनेम बदलायचे आणि ‘एसजीबीपी मेंबर’च्या ओळींत इतर दोन पेट्यांची नावे द्यायची. स्वतःचे नाव स्वतःच्या सदस्ययादीत येत नाही. सदस्याचे नाव त्या पेटीच्या होस्टनेमशी अक्षर न् अक्षर जुळले पाहिजे, लहान-मोठ्या लिपीसह.

ज्या इंटरफेसवर कॉल प्रत्यक्ष उतरतो, त्यावरही एनकॅप्स्युलेशन पीपीपी, ‘पीपीपी ऑथेंटिकेशन चॅप’, ‘पीपीपी चॅप होस्टनेम डायलपूल’ आणि ‘पीपीपी मल्टिलिंक’ हे सारे असलेच पाहिजे. एलसीपीची वाटाघाट आणि प्रमाणीकरण कॉल घेणाऱ्या पेटीवरच होते. त्यानंतरच ती लिंक दुसऱ्या पेटीकडे सोपवली जाते. टेम्प्लेटवर एक आणि खऱ्या इंटरफेसवर दुसरे, अशी तफावत राहिली तर दोष शोधताना फार वेळ जातो. ओळी एका जागी तयार करून दोन्हीकडे चिकटवणे उत्तम.

टेम्प्लेटवर ठरावीक आयपी पत्ता मात्र कधीही देऊ नये. सोपवलेल्या प्रत्येक लिंकसाठी पेटी त्या टेम्प्लेटवरून एक व्हर्च्युअल-अ‍ॅक्सेस इंटरफेस घडवते. टेम्प्लेटवरच पत्ता असेल तर तोच पत्ता दोन इंटरफेसवर येण्याची वेळ येते. म्हणून ‘आयपी अननंबर्ड’, म्हणजे पत्ता लूपबॅक या पेटीतल्याच आभासी इंटरफेसकडून उसना घेणे. एकेकट्या मोडेमधारकांना पत्ते वाटायचे असतील तर प्रत्येक पेटीला स्वतःचा पत्त्यांचा साठा, म्हणजे पूल, द्यावा, आणि ते पूल एकमेकांत मिसळणार नाहीत हे तक्त्यात पाहून घ्यावे.

आता पेट्या काय करतात ते पाहू. त्या यूडीपीच्या ९९०० या पोर्टवरून एकमेकींशी बोलतात आणि गटाच्या नावाने व पासवर्डाने एकमेकींना आव्हान देऊन ओळख पटवतात. म्हणजे परस्पर प्रमाणीकरण येथे दोन पातळ्यांवर आहे: पेटी आणि पेटी यांच्यात, तसेच शाखा आणि स्टॅक यांच्यात. एखादा कॉल आला आणि फोन करणाऱ्याची ओळख पटली की कॉल घेणारी पेटी गटाला विचारते, या नावाचे बंडल कोणाकडे आहे? सदस्य बोली लावतात. ज्याच्याकडे ते बंडल आधीच आहे त्याची बोली जिंकते, आणि नवी लिंक एल-टू-एफ या पीपीपी वाहून नेणाऱ्या प्रोटोकॉलच्या बोगद्यातून, म्हणजे यूडीपी १७०१ वरून, त्याच्याकडे पाठवली जाते. पेट्यांमध्ये अ‍ॅक्सेस लिस्ट किंवा फायरवॉल असेल तर ही दोन्ही पोर्ट मोकळी हवीत. सोपवलेल्या लिंकवरचा प्रत्येक पॅकेट स्थानिक नेटवर्कवरून जातो, त्यामुळे पेट्या एकमेकींच्या जवळ आणि वेगवान नेटवर्कवर असाव्यात. गट मुद्दाम दूरच्या दोन ठिकाणी पसरवण्यात मला काहीच हशील दिसत नाही.

पेटीला एकाहून अधिक इंटरफेस असतील तर संदेश अनपेक्षित पत्त्यावरून निघू शकतो आणि समोरची पेटी तो ओळखत नाही. अशा वेळी ‘एसजीबीपी सोर्स-आयपी’ देऊन सदस्ययादीतला पत्ताच पक्का करावा.

बोलीचा मामला साध्या गटात जसा आहे तसाच ठेवावा. सर्वांचे ‘एसजीबीपी सीड-बिड’ डिफॉल्ट असले तर एखाद्या शाखेचा पहिला कॉल ज्या पेटीवर येतो तीच बंडलाची मालक होते, आणि भार आपोआप वाटला जातो. गटात एखादा जास्त ताकदीचा राउटर फक्त बंडले सांभाळण्यासाठी ठेवला असेल, तर त्यावर ‘ऑफलोड’ लावावे. एखाद्या पेटीने मालकी कधीच घेऊ नये असे वाटत असेल तर तिच्यावर ‘फॉरवर्ड-ओन्ली’. पॅकेटचे तुकडे करणे आणि जोडणे हे काम प्रोसेसरवर पडते, तेव्हा जुन्या पेट्यांच्या गटात ऑफलोडचा फरक खरोखर जाणवतो.

शाखेची बाजू

शाखेच्या राउटरवर होस्टनेम ‘शाखा७’ आणि एकच नोंद: ‘युजरनेम डायलपूल पासवर्ड [शाखेचा पासवर्ड]’. ‘एनएएस-१’ वगैरे नावे शाखेला माहीत असण्याचे कारणच नाही. उद्या चौथी पेटी आली तरी शाखेत काहीही बदलावे लागत नाही, आणि हा या पद्धतीचा मोठा फायदा आहे.

नीट पाहिले तर पेट्यांवरही ‘युजरनेम डायलपूल’ आहे आणि शाखेवरही आहे, पण त्यांचे पासवर्ड वेगळे आहेत. त्याने गोंधळून जाऊ नये. राउटर नेहमी समोरच्याच्या नावाने पासवर्ड शोधतो. पेटीला शाखेचे चॅलेंज आले की ती ‘शाखा७’ची नोंद उघडते, शाखेला स्टॅकचे चॅलेंज आले की ती ‘डायलपूल’ची नोंद उघडते. या दोन नोंदींतला पासवर्ड एकच हवा. पेट्यांवरची ‘डायलपूल’ ही नोंद फक्त पेट्यांच्या आपसातल्या ओळखीसाठी आहे.

शाखेच्या डायलर इंटरफेसवर ‘पीपीपी ऑथेंटिकेशन चॅप’ असे लिहावे, त्यापुढे ‘कॉलइन’ जोडू नये. ‘कॉलइन’ म्हटले की राउटर फक्त येणाऱ्या कॉलची ओळख तपासतो. शाखा तर स्वतः कॉल करते, त्यामुळे ती समोरच्याला काहीच विचारणार नाही आणि प्रमाणीकरण एकतर्फी होईल. एकतर्फी का चालू नये? क्रमांक चुकीच्या ठिकाणी वळवला गेला, किंवा मधल्या कुणी स्वतःच्या मोडेमने उत्तर दिले, तर शाखा आपली सारी माहिती अनोळखी यंत्राच्या हवाली करते. फोन उचलणाराही कोण आहे हे कळलेच पाहिजे.

शाखेत ‘डायलर मॅप’ऐवजी डायलर प्रोफाइल वापरावे, कारण मॅपमध्ये समोरचा आयपी पत्ता लिहावा लागतो आणि स्टॅकमध्ये बंडलाची मालक कोणती पेटी होईल, म्हणजे कोणता लूपबॅक पत्ता समोर येईल, हे आधी सांगता येत नाही. प्रोफाइलमध्ये ‘डायलर रिमोट-नेम डायलपूल’ आणि फोन क्रमांक द्यावा, आणि मार्ग थेट डायलर इंटरफेसकडे दाखवावा. दुसरी वाहिनी केव्हा उचलायची हे ‘डायलर लोड-थ्रेशहोल्ड’ ठरवते. त्याचे मूल्य १ ते २५५ असते, आणि १२८ म्हणजे साधारण अर्धा भार. परतीचा मार्गही विसरू नये. शाखेमागचे नेटवर्क ज्या पेटीवर बंडल आहे तिच्यामागेच आहे, हे मुख्य नेटवर्कला कळले पाहिजे. त्यासाठी राउटिंग प्रोटोकॉल चालवावा किंवा प्रत्येक वापरकर्त्यामागे मार्ग देणारी एएए (ओळख, परवानगी आणि नोंदी सांभाळणारी) व्यवस्था लावावी; एका पेटीकडे बोट दाखवणारा स्थिर मार्ग येथे हमखास दगा देतो.

रेडियस असेल तर

पासवर्ड रेडियस सर्व्हरवर, म्हणजे ओळख तपासणाऱ्या मध्यवर्ती सर्व्हरवर, ठेवले असतील तर परस्पर प्रमाणीकरणात एक पेच येतो. पेटी शाखेचे उत्तर रेडियसकडे पाठवून खरे-खोटे करून घेऊ शकते, पण शाखेने दिलेल्या चॅलेंजचे उत्तर स्वतः मोजण्यासाठी पासवर्ड हवा असतो, आणि रेडियस तो देत नाही. तेव्हा उत्तर देण्यापुरता पासवर्ड पेटीवरच ठेवावा लागतो: शाखेच्या स्थानिक नोंदीत, किंवा नोंद नसलेल्या समोरच्यांसाठी ‘पीपीपी चॅप पासवर्ड’ या आज्ञेत. दुसरा मार्ग सोपा दिसतो, पण त्यात सर्व शाखांना एकच गुपित माहीत होते, म्हणून शाखा मोजक्या असतील तर मी पहिलाच निवडेन.

एसजीबीपीची ओळख आयओएसच्या जुन्या आवृत्त्यांत ओळख-पद्धतींच्या पीपीपीच्या डिफॉल्ट यादीतूनच तपासली जाते. ती यादी रेडियसकडे वळवली की पेट्या एकमेकींना ओळखेनाशा होतात. यावर उपाय म्हणजे डिफॉल्ट यादी स्थानिक ठेवून डायल इंटरफेसवर वेगळ्या नावाची यादी लावणे. नव्या आवृत्त्यांत ‘एएए ऑथेंटिकेशन एसजीबीपी’ ही स्वतंत्र आज्ञा आहे.

मोडेमवरून येणारे विंडोज वापरकर्ते असतील तर एमएस-चॅप आवृत्ती २ चा विचार करता येतो. तिचे वर्णन २००० च्या आरएफसी २७५९ मध्ये आहे आणि दोन्ही बाजूंची ओळख तीत एकाच फेरीत पटते. पॅप ही साधी पासवर्ड-पद्धत मात्र दोन्ही दिशांनी लावली तरी उपयोगाची नाही, कारण त्यात पासवर्ड तारेवरून उघडा जातो.

तपासणी

आधी एकही कॉल न करता ‘शो एसजीबीपी’ पाहावे. प्रत्येक सदस्यापुढे ‘अ‍ॅक्टिव्ह’ दिसले पाहिजे. ‘आयडल’ दिसले तर पत्ता किंवा पोर्ट तपासावे. ओळख पटवण्याच्या मधल्या स्थितीतच पेटी घुटमळत असेल तर गटाचा पासवर्ड किंवा होस्टनेम. ‘डीबग एसजीबीपी हेलोज’ आणि ‘डीबग एसजीबीपी एरर’ बहुधा कारण स्पष्ट सांगतात. पासवर्डच्या शेवटी चिकटलेली मोकळी जागा डोळ्यांना दिसत नाही, पण तीही पासवर्डाचाच भाग धरली जाते.

मग शाखेतून एकच वाहिनी जोडून पेटीवर ‘डीबग पीपीपी ऑथेंटिकेशन’ चालू करावे. परस्पर चॅप नीट झाले तर क्रम साधारण असा दिसतो:

बाहेर: चॅलेंज, ‘डायलपूल’कडून
आत: चॅलेंज, ‘शाखा७’कडून
समोरच्याने आधी ओळख पटवण्याची प्रतीक्षा
आत: रिस्पॉन्स, ‘शाखा७’कडून
बाहेर: सक्सेस
राखून ठेवलेल्या चॅलेंजवर काम सुरू
बाहेर: रिस्पॉन्स, ‘डायलपूल’कडून
आत: सक्सेस

दोन्ही दिशांना चॅलेंज आणि दोन्ही दिशांना सक्सेस, एवढे दिसले की परस्पर ओळख पटली. तिसऱ्या ओळीतली प्रतीक्षा हा दोष नव्हे. दोन्ही दिशांना एकच गुपित वापरले जात असताना, कुणी आपलेच चॅलेंज आपल्याकडे परत पाठवून आपल्याकडूनच त्याचे उत्तर काढून घेऊ नये, म्हणून फोन घेणारी बाजू आधी समोरच्याला ओळख पटवायला लावते. ‘पीपीपी चॅप वेट’ हे वर्तन मुळातच चालू असते. ते बंद करू नये. पहिल्या ओळीत ‘डायलपूल’ऐवजी ‘एनएएस-१’ दिसले तर खऱ्या इंटरफेसवर ‘पीपीपी चॅप होस्टनेम’ राहून गेले आहे. एकाच दिशेचे चॅलेंज दिसले तर शाखेत कुठेतरी ‘कॉलइन’ उरले आहे.

शेवटी दोन वाहिन्या. दुसरा कॉल वेगळ्या पेटीवर उतरेल याची खात्री करण्यासाठी पहिल्या पेटीच्या उरलेल्या वाहिन्या काही वेळ व्यस्त ठेवाव्यात, नाहीतर दोन्ही कॉल एकाच पेटीवर येऊन चाचणी फसवे यश दाखवेल. मालक पेटीवर ‘शो पीपीपी मल्टिलिंक’ दिले की एकाच बंडलाखाली दोन सदस्य-लिंक दिसतात: एक स्वतःच्या वाहिनीवरची, दुसरी दुसऱ्या पेटीच्या नावासह आलेली. शाखेच्या राउटरवरही हीच आज्ञा द्यावी, आणि तेथे ‘डायलपूल’ नावाचे एकच बंडल व त्यात दोन लिंक आहेत हे पाहावे. शाखेत दोन बंडले दिसत असतील तर पेट्यांची नावे किंवा एंडपॉइंट डिस्क्रिमिनेटर अजून वेगळे आहेत. चॅपचे नाव आणि गटाचे नाव एकच ठेवण्यामागचे कारण हेच: डिस्क्रिमिनेटर यांपैकी कशावरूनही तयार झाला तरी तो सर्व पेट्यांवर सारखाच निघतो.

ही चाचणी प्रत्येक पेटीला पहिला कॉल मिळेल अशा प्रकारे फिरवून करावी, आणि चौथी पेटी जोडताना जुन्या तिन्ही पेट्यांच्या सदस्ययादीत तिची ओळ घातल्यावर पुन्हा करावी.